साडेसातची लावून ठेवली आहे

टायमरबाईंनी एकही मालिका तिच्या वेळेवर पाहिली नाही. संध्याकाळी साडेसातची मालिका त्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाहायच्या, चहाचा कप हातात घेऊन. आठची दुपारी, भांडी घासून झाल्यावर. अख्खा मोहल्ला टीव्हीसमोर श्वास रोखून बसलेला असायचा तेव्हा बाई ओट्यावर बसून संत्रं सोलत असायच्या. आत टीव्ही बंद. कोणी विचारलं, "बाई, आज तिचा निकाल लागून राहिला, पाहत नाही का?" तर म्हणायच्या, "शाळेच्या घंटीवर बत्तीस वर्षं उठली-बसली मी. आता टीव्हीच्या घंटीवर नाही उठत. तो थांबंन माझ्यासाठी."

आणि तो थांबायचा. बाईंच्या छतावर डिशची छत्री होती आणि छत्रीच्या वायरीला खाली एक काळा डबा जोडलेला होता, कार्यक्रम आपल्या पोटात साठवून ठेवणारा. सौसरला दिलेल्या लेकीने तो आईच्या निवृत्तीला घेऊन दिला होता. बसवायला आलेल्या माणसाने रिमोटची सगळी बटणं एका दमात सांगितली आणि निघाला. बाईंनी त्याला फाटकातून परत आणलं. "बाबू, तू शिकवलं नाही, तू वाचून दाखवलं. आता मी करते, तू बस अन् पाह्य." त्याच्यासमोर त्यांनी तीन वेळा मालिका लावली, तीन वेळा काढली. यादीत मालिकेच्या नावावर जायचं. लाल बटण एकदा दाबलं की फक्त आजचा भाग साठतो. दोनदा दाबलं की अख्खी मालिका. मग रोजचा भाग आपोआप आत जाऊन बसतो, टीव्ही बंद असला तरी, घराला कुलूप असलं तरी. मध्य प्रदेशात, पांढुर्ण्यातल्या आमच्या मोहल्ल्यात हे दोनदा दाबणं पहिल्यांदा बाईंना जमलं, म्हणून त्या टायमरबाई. त्याआधी त्या नुसत्या बाई होत्या. माझ्याही. पहिली ते पाचवी मराठी मला त्यांनीच शिकवली.

यंत्रावर त्यांची माया होती, पण भरवसा अर्धाच. सुरुवातीला पाच मिनिटं आणि शेवटी दहा मिनिटं त्या जास्तीची जोडून ठेवायच्या, कारण वाहिनीवाल्यांच्या घड्याळाला त्या पहिलीतल्या पोरांइतकंच मानायच्या. लाइट जायची म्हणून डबा इन्व्हर्टरच्या बोर्डावर. आणि दर शनिवारी पुढच्या आठवड्याची यादी बोटाने सरकवत वाचायच्या. रविवारी एखाद वेळी त्याच मालिकेचा मोठा भाग वेगळ्याच नावाने लागतो आणि डब्याला तो ओळखू येत नाही. "त्याले नाव समजते," बाई म्हणायच्या, "गोष्ट नाही समजत. तेवढं आपल्याला पाहावं लागते."

हा डबा दिवसरात्र कोमट असायचा. बाईंना ते वाया जाणारं ऊन वाटायचं. त्यावर त्या कागद पसरून संत्र्याच्या साली वाळवायच्या, मच्छरांसाठी जाळायला. डबा बसवणारा माणूस पुन्हा एकदा आला तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, याच्यावर काही ठेवत नाही." बाई म्हणाल्या, "त्याले गरम व्हायचं आहे, मले साली वाळवायच्या आहेत. आम्हा दोघांचं जमते. तुझं काय जाते?" त्यांच्या बैठकीत शिरलं की त्या सालींचा वास यायचा. आजही कुठे तो वास आला की मी नकळत सरळ बसते.

आणि हजेरी. मालिकांची हजेरी! शाळेतून आणलेल्या एका उरलेल्या हजेरीपटात त्या रोज नोंद करायच्या. तारीख, मालिका, आणि पुढे "हजर". छत्रीवर वांदर बसून चित्र फाटलं तर "अर्धा दिवस". इन्व्हर्टर संपला तर "गैरहजर", आणि कारण. माणसं यावर हसायची. मीही हसायचे. बाई म्हणायच्या, "हस. पण जे मोजत नाही ते सुटते, अन् सुटलेलं कळतही नाही."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय बाई पुऱ्या कळणार नाहीत. मी पत्रकं काढायचे. अजूनही काढते. बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा रिकामी राहिली. एक वर्ष, दुसरं वर्ष. मराठीच्या तासाला पोरं मैदानात. मग एक दिवस मुख्याध्यापकांनी शांतपणे सांगितलं की पुढच्या सत्रापासून मराठीचा वर्गच राहणार नाही, कारण मागणी नाही. पंधरा पालकांनी समोर येऊन लिहून दिलं तर प्रस्ताव वर पाठवू, नाही तर विषय संपला. मागणी नाही! ज्या घरात आई पोराला मराठीत वाढते आणि मराठीतच झोडपते, त्या घराची मागणी नाही! मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं, उसन्या कागदावर छापलं आणि घरोघरी टाकलं. सभा गुरुवारी, साडेसातला, बाईंच्या ओट्यावर.

सभेला चौघी आल्या. त्यातली एक तिची बकरी शोधत आली होती.

मी पेटले. दुसरं पत्रक काढलं. वर मोठ्या लाल अक्षरांत: "मालिका की मातृभाषा?" खाली असं की, सासवांना सुना छळायचं शिक्षण देणारी ती पेटी बंद करा, तुमच्या मुलांची जीभ कापली जात आहे आणि तुम्ही कुणाच्या तरी खोट्या लग्नात रडत बसला आहात, लाज वाटू द्या. मला ते फार आवडलं होतं. बाईंच्या घरासमोरच्या खांबावर मी ते स्वतः चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी पाहते तर त्यावर लाल पेनाने शेरा. "रागावून बोलावलं तर कोण येईल? — पुन्हा लिहिणे."

"ए पत्रक, इकडे ये," ओट्यावरून हाक आली. त्या दिवसापासून माझं नाव पत्रक. "बस. संत्रं खा. सिंधू किती वाजता घरी येते, सांग."

सिंधूकाकू समोरच राहते. कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी तिची. ती हो म्हणाली तर पंधरा जणी हो म्हणतात. मी म्हणाले, "सहाला येत असंन."

"सहाला. मंग चूल, पोरं, पाणी. मोकळी कधी होते?"

"साडेसातला."

"अन् पुन्हा कामाले कधी लागते?"

"आठला वाढते सगळ्यांना."

"म्हणजे तिच्या दिवसात एकच अर्धा तास आहे. तो तू मागून राहिली. तोच मालिका मागून राहिली. अन् मालिका तुझ्यापेक्षा गोड बोलते." त्यांनी साल काढून माझ्या हातात फोड ठेवली. "तिले निवडायला कायले लावतं? मालिका थांबू शकते. तुझा वर्ग नाही थांबू शकत."

मी चिडून म्हणाले, "बाई, तुम्हीपण मालिकेची बाजू घेता?"

"मी अर्ध्या तासाची बाजू घेऊन राहिली."

त्या संध्याकाळी बाई स्वतः माझ्याबरोबर फिरल्या. दारादारात एकच वाक्य: "गुरुवारी साडेसातला ओट्यावर ये. साडेसातची मी लावून ठेवते. बाजाराच्या दिवशी दुपारी माझ्याकडे बसून पाह्य, जाहिराती कापून." बाजाराच्या दिवशी वेचणीला सुट्टी, हे बाईंना माहीत होतं. माझ्या दोन्ही पत्रकांत ते कुठे नव्हतं.

सिंधूकाकूने उंबऱ्यातूनच विचारलं, "पक्कं नं बाई? सुटनार नाही नं? त्या मालिकेतल्या धाकटीच्या सासूले तिचं सर्टिफिकेट सापडनार हाय एवढ्यात."

"माझ्या हजेरीत सुटते का?"

"मंग येतो. पण या पोरीले सांगजा, भाषण लहान ठेवजो म्हना. हिचं भाषण म्हंजे जाहिरातीसारखं, संपतच नाही."

त्या गुरुवारी ओटा भरला. बाजाराच्या दिवशी दुपारी बाईंच्या बैठकीत आठवडाभराचे भाग सलग चालले. खाली सतरंजीवर बाया, पिशव्यांतून डोकावणारी मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि खुर्चीत बाई, रिमोट छडीसारखा धरून. जाहिरात आली की बटण, सर्रर्र, पुढे. मध्येच चित्र थांबवून त्या वर्गात विचारावं तसं विचारायच्या, "ती खोटं का बोलली? कोण सांगते?" आणि हात वर व्हायचे. खरोखरचे हात. मी दारात उभी राहून ते पाहिलं आणि मनात म्हणाले, वाया चाललंय हे सगळं. मी तेव्हा अशीच होते.

पुढचा गुरुवार महत्त्वाचा होता. शनिवारी सकाळी, वेचणीला जाण्याआधी, सगळ्यांनी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांसमोर लिहून द्यायचं होतं. कोण काय बोलणार, कोणती कागदं न्यायची, हे त्या संध्याकाळी ठरणार होतं. गर्दी वाढेल म्हणून मी माइक आणि आवाजाचा खोका मागून आणला. सव्वासातला लाइट गेली. सगळी गल्ली काळोखी, फक्त बाईंच्या घरात इन्व्हर्टर. मी वायर घेऊन आत शिरले. बोर्डावर एकच जागा, तिच्यात एक प्लग बसलेला. टीव्ही तर बंद होता. मी प्लग ओढला, माझा घातला, आणि बाहेर जाऊन "एक, दोन, तीन" म्हणाले.

पडदा काळा आहे म्हणजे आत काही चालू नाही, असं मी धरून चालले. ज्यांच्या घरात मी वर्षभर जागृती करत फिरत होते, त्या बायांबद्दलही मी तेच धरून चालले होते. हे नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त बोलत होते. वीस मिनिटं सांगितलेली, मी चाळीस बोलले.

सभा संपली. लाइट आली. बाया उठत होत्या. बाई सोललेल्या साली घेऊन आत गेल्या, आणि लगेच बाहेर आल्या. साली हातातच होत्या.

"डबा थंड आहे," त्या म्हणाल्या.

सिंधूकाकू थांबली. "थंड मतलब?"

"मतलब आजचा भाग नाही."

मी खोक्याच्या वायरीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. त्या वायरीने अंगणातून बाईंच्या खिडकीपर्यंत बोट दाखवावं तसं झालं होतं.

"हिनं काढला!" मागून कोणी तरी म्हणालं.

"अवो माय, सर्टिफिकेटचाच भाग!"

माफी मागायला पाहिजे होती. मी काय म्हणाले, तेही लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा होणार नाही. मी म्हणाले, "एका भागासाठी एवढं? पोरींचा वर्ग बंद होऊन राहिला आणि तुम्हाला सासूचं पडलंय?"

सिंधूकाकूने पदर खोचला. "आमी आलो. तुमचं आयकलं, चाळीस मिनिटं आयकलं, माहा भात करपला तिकडे. आमचं एकच होतं, तेवढं नाही सांभाळलं तुमच्यानं." मग जाता जाता वळली. "शनिवारी कोनी येत नाही. तूच कर सही. पंधरा वेळा कर."

अंगण रिकामं झालं. बाई आत जाऊन हजेरीपट घेऊन आल्या आणि माझ्यासमोर लिहिलं: "गैरहजर. कारण: पत्रक."

"बाई, एक मालिका गेली म्हणून..."

"मालिका कुठी गेली? उद्या एक वाजता पुन्हा दाखवतात, मी लावून टाकली आहे. डबा आपलं भरून काढंन. शब्द गेला, पोरी. तो मी दिला होता अन् तू उपटला. तुझं तू कसं भरून काढतं?"

मी माइकची वायर गुंडाळायला घेतली.

"बाजार रविवारी. सह्या शनिवारी," बाई म्हणाल्या. "म्हणजे त्यांना भाग पाहायला मिळंन तेव्हा तुझं सगळं संपलेलं असंन. उद्या एकला इथं येऊन बस. पाह्य. मन लावून. मंग शेतात जा अन् त्यांना सांग."

"काय सांगू?"

"गोष्ट."

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा साडेसातची मालिका पूर्ण पाहिली, दुपारी एक वाजता. हातात वही होती, दोष टिपायला. पहिलं पान दोषांनीच भरलं. मग असं झालं की, धाकटी सून वर्षभर चोरून शिकलेली. ते सर्टिफिकेट तांदळाच्या डब्यात सासूच्या हाती लागलं. सासूने ते वाचलं. धाकटी दारात उभी, आता घराबाहेर काढतात की काय म्हणून. सासू काही बोलत नाही. उठते, ताट वाढते, मग दुसरं ताट वाढते आणि दोन्ही शेजारी ठेवते. वर्षभर ज्या सुनेने उरलेलं खाल्लं, तिच्या शेजारी बसते. संपलं. मी वही पाहिली तर दुसऱ्या पानावर काहीच लिहिलेलं नव्हतं. बाई शेजारी संत्रं सोलत होत्या. माझ्याकडे न पाहता त्यांनी टॉवेल पुढे केला.

शेत नदीपलीकडे होतं. चार वाजता बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चहाला बसतात. मला येताना पाहून एक म्हणाली, "आली व जाहिरात."

"माइक नाही आनला का?"

"आनला असंन, पन प्लग कुठी लावंन इथं? बाभळीत?"

हसल्या. मी उन्हात उभी. कोणी बस म्हणालं नाही. मी म्हणाले, "माझी चूक झाली. मी न विचारता प्लग काढला. वरून तुम्हालाच बोलले. कालचा भाग मी आज पाहून आले. सांगू का?"

सिंधूकाकू कपात पाहत होती. "सांग. कोनी कान झाकले नाही तुह्यासमोर."

मी सुरू केलं. दुसऱ्याच वाक्यात माझ्या तोंडून निघालं, "इथे आपण लक्षात घेतलं पाहिजे की ही जी व्यवस्था आहे..."

"ए!" तीन-चार आवाज एकदम. "व्यवस्था घरी ठेव. सासू काय म्हनाली ते सांग."

मी व्यवस्था घरी ठेवली. तांदळाचा डबा सांगितला, सर्टिफिकेट सांगितलं, धाकटीचे दारातले पाय सांगितले. कसं कोण जाणे, मी उठून सासूसारखी चाललेही. चहा निवला. कोणी हलेना.

"मंग? सासू काय म्हनाली?"

"काहीच नाही. ताट वाढलं. मग आणखी एक वाढलं. आणि शेजारी बसली."

एकीने नाक पुसलं आणि दुसरीला म्हणाली, "धूळ लय हाय आज." सिंधूकाकूने किटलीतला उरलेला चहा कपात ओतला, कप माझ्यासमोर ठेवला आणि ओटा बांधत उठली. वेचलेला कापूस ठेवायला कमरेला जी झोळी बांधतात तिला आमच्याकडे ओटा म्हणतात.

"चांगलं सांगतं व," ती म्हणाली. "भाषनापेक्षा चांगलं. असं बोलत जा." आणि कापसाची चार तासं, म्हणजे ओळी, पुढे गेल्यावर, पाठमोरीच, "उद्या किती वाजता जाचं हाय शाळेत?"

शनिवारी नऊ वाजता मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. सतरा जणी होत्या. मी पाठ करून आणलेलं निवेदन खिशातच राहिलं, कारण सिंधूकाकूने टेबलावर हात ठेवून सांगून टाकलं, "सर, माही पोरगी चवथीत हाय. तिले तिच्या आजीची चिठ्ठी वाचता नाही येत. आमाले मराठी पायजे. कुठी सही करू?" एवढंच. माझं दोन पानी होतं.

बाई खोलीत आल्याच नाहीत. बाहेर पारावर बसून होत्या. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "किती हजर?" मी म्हणाले, "सतरा." त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसला.

वर्ग लगेच मिळाला असं नाही. प्रस्ताव वर गेला, खाली आला, पुन्हा गेला. प्रत्येक फेरीला सभा, आणि प्रत्येक सभेला बाईंचा डबा. पण मी आता सभा पंचवीस मिनिटांत संपवायला शिकले होते, आणि माइक आणला नाही. जुलैत अतिथी, म्हणजे तात्पुरत्या, शिक्षिका आल्या. आठवड्याला चार तास. पूर्ण जागा अजून भरलेली नाही आणि मी त्याबद्दल गप्प बसलेली नाही. पण पोरं मैदानात नाहीत, वर्गात आहेत.

त्याच पावसाळ्यात बाईंच्या डोळ्यांचं सुरू झालं. साखरेने पडदा गेला, डॉक्टरांनी सांगितलं. लेक त्यांना सौसरला घेऊन गेली. निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी सिंधूकाकूला बोलावून तिच्यासमोर डबा सोडवला, तिच्या घरी जोडून घेतला आणि तिला खुर्चीत बसवलं. "आता मी नाही करत. तू कर, मी पाहते." पाहणं तेव्हा त्यांना जवळपास जमत नव्हतं. सिंधूकाकू रिमोटला विंचवासारखी धरायची. एकदा दाबलं, दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबून सगळं काढून टाकलं. "अवो बाई, गेलं!" "जाऊ दे. पुन्हा लाव." तिसऱ्या वेळी लागलं. हजेरीपट मात्र बाईंनी माझ्या हातात दिला. "तुले मोजायची सवय नाही. लाव."

मी महिन्यातून एकदा बसने सौसरला जायचे. बाई खाटेवर, तोंड खिडकीकडे. शेवटी शेवटी उजेड आहे की नाही एवढंच त्यांना कळायचं. लेकीच्या घरी टीव्ही होता, पण बाई म्हणायच्या, त्यातला नुसता आवाज ऐकू आला की शाळा सुटल्यासारखं वाटते, कोण काय बोलून राहिलं कळत नाही. पहिल्या भेटीत मी त्यांना प्रस्तावाचं सांगायला लागले. कोण कसं टाळतंय, कोणता कागद कुठे अडलाय, पुढचं पत्रक कसं जहाल करणार आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं? आता साडेसातची सांग."

आणि मी सांगायचे. महिनाभराचे भाग, सिंधूकाकूकडे बाजाराच्या दिवशी बसून पाहिलेले, जाहिराती कापून. धाकटीला नोकरी लागली, मोठी रुसून माहेरी गेली, सासूला ताप आला. मध्येच माझ्यातलं पत्रक डोकं वर काढायचं. मी म्हणायचे, "बाई, हे मात्र पटलं नाही, लेखकाने इथे..." त्या अंधारात बघत हात वर करायच्या. "तुझं मत नको. सासू काय म्हणाली?"

थंडीत, संत्र्यांच्या बहारात, बाई गेल्या. आदल्या रविवारीच मी जाऊन आले होते. त्या दिवशी त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं होतं. "दमली मी. बाकीचं पुढच्या वेळी." मी म्हणाले, "लावून ठेवते." त्या हसल्या.

शोकसभा ठेवली त्यांच्याच ओट्यावर. वेळ मी टाकली साडेसात. का ते मला माहीत नाही, हाताने लिहिलं गेलं. पत्रक वाटून झाल्यावर लक्षात आलं, ही तर मालिकेची वेळ. त्या आठवड्यात धाकटीच्या घराचं काही तरी मोठं होणार होतं, अख्खी गल्ली त्यावर बोलत होती. मी सव्वासातला जाऊन रिकाम्या ओट्यावर सतरंजी घातली. बाईंचं घर बंद होतं. सालींचा वास नव्हता.

मग एकेक येऊ लागल्या. सगळ्या आल्या. त्या सतरा, आणि ज्या तेव्हा आल्या नव्हत्या त्याही. बकरीवालीसुद्धा, या वेळी बकरीशिवाय. चवथीतली, आता पाचवीत गेलेली पोरगी आपलं मराठीचं पुस्तक घेऊन आली, एक धडा वाचणार होती म्हणून. फक्त सिंधूकाकू दिसेना. साडेसातला पाच मिनिटं कमी असताना ती पदराला हात पुसत पळत आली आणि मला बाजूला ओढून म्हणाली, "दोनदा दाबून आली. तरी तू एकदा पाहून ये व. माहा भरोसा नाही माह्या हातावर."

मी रस्ता ओलांडून तिच्या घरात गेले. टीव्ही बंद होता. पडदा काळा. डब्यावर जुना कागद, कागदावर संत्र्याच्या साली. मी त्यांच्यावर हात ठेवला.

गरम होत्या.